चरबीचा आकडा सांगणारा अभियंता

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधील न्यूअर्क येथे झाला. वडील शेतकरी, पाच भावंडांत गॉडफ्रे शेंडेफळ. शेतावरची यंत्रे न्याहाळण्यात आणि गवताच्या गंजीवरून घरी बनवलेल्या ग्लायडरने उडी घेण्यात त्यांचे बालपण गेले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात रडारचे शिक्षक होते. पुढे लंडनच्या फॅराडे हाउसमधून पदविका घेऊन ते ईएमआय कंपनीत रुजू झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

साध्या एक्स-रेमध्ये पुढचे-मागचे अवयव एकाच सावलीत मिसळतात. १९६७च्या सुमारास हाउन्सफील्ड यांना सुचले, की अनेक कोनांतून किरण सोडून पलीकडे किती पोहोचले हे मोजले, तर आतल्या प्रत्येक बिंदूची घनता संगणकाला काढता येईल. पहिल्या प्रयोगात नुसते मोजमाप घ्यायला ९ दिवस लागले. तरीही ते मागे हटले नाहीत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूतील गाठ या यंत्राने दाखवली. सीटी स्कॅनचा जन्म झाला. यामागचे गणित स्वतंत्रपणे मांडणाऱ्या अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह त्यांना १९७९चे नोबेल मिळाले.

सीटी स्कॅन चित्र दाखवतो, तसा प्रत्येक ठिपक्याला आकडाही देतो. या मापाला आज हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. त्यात पाणी शून्य आणि हवा उणे १०००. स्नायू आणि रक्त शून्याच्या वर, तर चरबी साधारण उणे ५० ते उणे १००च्या आसपास.

सुरुवातीच्या यंत्राला एका छेदासाठी काही मिनिटे लागत, त्यामुळे धडधडणारे हृदय त्याच्या आवाक्याबाहेर होते. पुढे यंत्रांचा वेग वाढला, ईसीजीशी त्यांचा मेळ बसला आणि हा आकडा हृदयातही उपयोगी पडू लागला. टू-डी इकोमध्ये हृदयात गाठ दिसली, की रुग्णाच्या काळजाचा ठोका चुकतो. ती रक्ताची गुठळी असेल, मायक्झोमा असेल, कर्करोगही असेल. पण या तिन्हींचे आकडे सहसा शून्याच्या वर असतात. गाठ एकसारखी, रेखीव कडांची आणि आकडा चरबीचा असेल, तर ती बहुधा निरुपद्रवी लायपोमा असते. काही वयस्क, स्थूल व्यक्तींत दोन कर्णिकांमधल्या पडद्यातच चरबी साठते. मधला पातळ भाग मोकळा राहिल्याने तिचा आकार डंबेलसारखा दिसतो. रक्तप्रवाह अडत नसेल आणि ठोके बिघडत नसतील, तर बहुतेकदा केवळ लक्ष ठेवणे पुरते. छाती उघडावी लागत नाही.

अर्थात केवळ आकड्यावर निदान होत नाही. गाठीत जाड पडदे असतील, तिने कॉन्ट्रास्ट औषध शोषले असेल किंवा ती शेजारच्या भागात घुसत असेल, तर चरबीच्या दुर्मीळ कर्करोगाची शंका घ्यावी लागते आणि पुढील तपासण्या कराव्या लागतात.

हाउन्सफील्ड अविवाहित राहिले. १९८१मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला, पण राहणी साधीच राहिली. १२ ऑगस्ट २००४ रोजी त्यांचे निधन झाले. सीटीच्या अहवालात आकड्यापुढे 'एचयू' ही अक्षरे दिसतात. त्यातला 'एच' हाउन्सफील्ड यांचा.