मंगळसूत्रापलीकडच्या लक्ष्मीबाई

आमच्या सातारा-कराड भागात ज्या घरातलं कुणीच ‘रयत’च्या शाळेत गेलेलं नाही, असं घर शोधावंच लागेल. मीही त्याच शाळेतली. २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती आली की आमची प्रभातफेरी निघायची, अण्णांवर भाषणं व्हायची. त्यात लक्ष्मीबाईंचं नाव एकदाच यायचं, मुलांसाठी मंगळसूत्र देणारी बायको म्हणून. टाळ्या व्हायच्या आणि भाषण पुढे जायचं. एका बाईचं अख्खं आयुष्य त्या एका वाक्यात मावतं का हो?

लक्ष्मीबाई जैन घरातल्या. सोवळंओवळं, शिवाशिव हे सगळं त्या काळच्या चारचौघींसारखंच त्यांच्याही अंगवळणी पडलेलं. पती भाऊराव मात्र वेगळ्या वाटेचे. किर्लोस्करांचे नांगर विकायला गावोगाव फिरताना शिक्षणावाचून राहिलेली खेड्यातली पोरं त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एका छपराखाली राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली. १९२७ मध्ये या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं, ते महात्मा गांधींच्या हस्ते.

आता या गोष्टीकडे स्वयंपाकघरातून पाहा. संस्था काढणारा माणूस देणग्या आणि धान्य मागत गावोगाव फिरतोय. मग घरी कोण? कुणाला ताप आलाय, कोण आईच्या आठवणीनं कोपऱ्यात बसून रडतंय, उद्याचं पीठ पुरेल का, हे बघायला लक्ष्मीबाई. ज्यांची सावली टाळायला लहानपणापासून शिकवलेलं, त्याच मुलांना त्यांनी पोटच्या पोरांसारखं जेवू घातलं. नवऱ्यानं सांगितलं म्हणून हात वाढेल एखादा दिवस. पण रोज, वर्षानुवर्षं वाढत राहायचं तर मनच बदलावं लागतं. माझ्या मते त्यांचं खरं धाडस हे.

अंगावरचे दागिने एकेक करून वसतिगृहाच्या खर्चात गेले. एकदा अण्णा बाहेरगावी असताना धान्य संपलं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र देऊन मुलांच्या जेवणाची सोय केली, असं सांगतात. सवाष्णीनं गळा मोकळा ठेवायचा म्हणजे त्या काळी केवढी गोष्ट! मी मात्र एवढंच पाहते, की त्या वेळी विचारायला जवळ कुणी नव्हतं. निर्णय त्यांचा एकटीचा होता. नवऱ्याच्या त्यागाची ती पुरवणी नव्हती.

१९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. पुढचं वैभव त्यांनी पाहिलंच नाही. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं, कराडचं कॉलेज १९५४ चं, अण्णांना पद्मभूषण मिळालं १९५९ मध्ये. ‘कमवा आणि शिका’ म्हणत हजारो पोरं शिकली, मास्तर झाली, साहेब झाली. त्या वटवृक्षाच्या मुळाशी पाणी घालणारे हात मात्र केव्हाच थांबले होते.

आज वसतिगृह चालवणं आपल्यापैकी फार जणींना जमणार नाही. दागिने मोडा असंही मी कुणाला म्हणणार नाही. पण आपल्या गल्लीत बघा. आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि आजीजवळ राहून शाळा करणारी एखादी मुलगी असते. बापाच्या दारूपायी घरी जायला घाबरणारा एखादा नववीतला मुलगा असतो. जुनी पुस्तकं, कपडे आपण देतोच. त्यांना त्याहून जास्त गरज असते ती आपली चौकशी करणाऱ्या एका मोठ्या माणसाची. आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर बसा. अभ्यास घ्या, नाहीतर नुसतं ऐकून घ्या. मात्र त्याच्या घरच्यांना आणि शाळेतल्या बाईंना आधी सांगा, आणि ठरलेला वार चुकवू नका. आधीच कुणीतरी सोडून गेलेलं मूल दारात आपली वाट बघत असतं. चार दिवस उत्साहानं करायचं आणि मग विसरायचं, त्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं.

लक्ष्मीबाईंनी मुलांवर उपकार केले असं मला वाटत नाही. त्यांनी आपल्या घराचा उंबरठा थोडा रुंद केला. तुमच्या उंबरठ्याशी कोण उभं आहे, आज संध्याकाळी जरा बघाल?