ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

कोकणात दापोलीजवळ समुद्रकाठी मुरूड नावाचे गाव आहे. तेथे १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचे शिक्षण पुरे करून त्यांनी मराठी शाळांत अध्यापनाचे काम पत्करले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा गावी त्यांची नोकरी झाली. विश्वविद्यालयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, वेधशाळाही नव्हती. तरीही भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिणारा थोर संशोधक म्हणून देशोदेशीच्या पंडितांनी या शाळामास्तरांना मान दिला.

दीक्षितांच्या संशोधनाचे मर्म समजण्यासाठी पृथ्वीची एक गती ध्यानात घेतली पाहिजे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिची आणखी एक गती आहे. फिरता भोवरा डोलू लागला म्हणजे त्याचा माथा हवेत लहानसे वर्तुळ काढतो. पृथ्वीचा अक्षही तसाच आकाशात वर्तुळ काढीत असतो. ते वर्तुळ पुरे होण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात. सुमारे ७२ वर्षांत अवघा एक अंश! या गतीस अयनचलन म्हणतात. ती इतकी मंद आहे की एका मनुष्याच्या आयुष्यात ती डोळ्यांना जाणवत नाही. पण शतके लोटली की तिचा परिणाम उघड दिसू लागतो.

मकरसंक्रांतीचेच उदाहरण घ्या. सूर्याचे उत्तरायण खरोखर २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. संक्रांत मात्र १४ जानेवारीच्या सुमारास येते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एक होते. पुढे अयनचलनाकडे दुर्लक्ष करून पंचांगे होत राहिली आणि सण ऋतूंपासून हळूहळू दूर सरकले. ही तफावत दूर व्हावी म्हणून विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह दीक्षितांनी सायन पंचांगाचा, म्हणजे अयनचलन जमेस धरणाऱ्या पंचांगाचा, पुरस्कार केला. घरोघरी पूज्य मानलेल्या पंचांगाविषयी असे बोलणे सोपे नव्हते. सायन पंचांग लोकांत रूढ झाले नाही, पण म्हणून दीक्षितांनी आपले गणित बदलले नाही. पुढे १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तेव्हा तिचे महिने सायन पद्धतीनेच ठरविण्यात आले.

जी गती पंचांगात घोटाळा करते, तिच्याच साहाय्याने प्राचीन काळ मोजता येईल, हे दीक्षितांनी ओळखले. शतपथ ब्राह्मण या ग्रंथात कृत्तिकांविषयी एक उल्लेख आहे. इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत, असा त्याचा आशय आहे. आज कार्तिक महिन्यात, धानाच्या कापणीच्या दिवसांत, लाखनीच्या एखाद्या बांधावर सायंकाळी पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, तर कृत्तिकांचा पुंजका ठीक पूर्वेस उगवत नाही; तो बराच डावीकडे, उत्तरेच्या बाजूस उगवतो. मग तो ठीक पूर्वेस केव्हा उगवत असेल? दीक्षितांनी अयनचलनाचे गणित उलट दिशेने मांडले आणि उत्तर काढले : इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे. यावरून तो उल्लेख त्या काळचा असावा, असे त्यांनी प्रतिपादन केले. सर्व पंडितांना हे मान्य झाले नाही. त्या वचनाचा अर्थ वेगळा असू शकेल, किंवा ते जुन्या स्मृतीवरून लिहिलेले असेल, असे आक्षेप निघाले. ग्रंथाच्या काळाविषयी वाद राहिला. कृत्तिका पूर्वेस केव्हा उगवत, या गणिताला मात्र त्यामुळे बाध आला नाही.

अयनचलनाचा हा उपयोग पुढे सागराच्या तळाशीही झाला. पृथ्वी आज जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत निकट असते. अयनचलनामुळे हा दिवस ऋतूंमधून सरकत जातो. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी तो उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात येई. तेव्हा ऊन अधिक प्रखर होते आणि आपला मोसमी पाऊसही अधिक जोरदार होता. पृथ्वीची कक्षाही फिरत असल्यामुळे हवामानातील हे चक्र १९,००० ते २३,००० वर्षांचे असते. अक्षाचा कल कमीअधिक होण्याचे चक्र ४१,००० वर्षांचे आहे. सर्बियातील गणिती मिलुटिन मिलान्कोविच यांनी या चक्रांवरून हिमयुगांचे गणित मांडले. सागरतळावर गाळाचे थर बसतात आणि त्यांत सूक्ष्म जीवांची कवचे असतात. त्या कवचांतील प्राणवायूच्या परीक्षणावरून थंड व उष्ण काळ ओळखता येतात. हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील गाळ तपासून १९७६ साली दाखविले की, त्यात हीच चक्रे उमटली आहेत. तेव्हापासून ही चक्रे मोजून गाळाच्या थरांचे वय ठरविता येऊ लागले.

दीक्षितांचे काम एवढ्यावर थांबले नाही. फ्लीट या विद्वानाने गुप्तकालीन शिलालेखांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील तिथींचे गणित दीक्षितांनी करून दिले. रॉबर्ट स्यूएल यांच्यासमवेत त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा मुख्य ग्रंथही प्रसिद्ध झाला. वेदकालापासून स्वतःच्या काळापर्यंतचा ज्योतिषाचा इतिहास त्यांनी त्यात मूळ ग्रंथ तपासून सांगितला. हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, हे विशेष होय. तो वाचण्यासाठी परप्रांतीयांना मराठीकडे वळावे लागले; पुढे त्याची हिंदी व इंग्रजी भाषांतरे झाली.

१८९८ साली, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दीक्षितांचे निधन झाले. एक अंश सरकण्यास ७२ वर्षे घेणारी गती मोजणाऱ्या या पुरुषाला आयुष्य लाभले ते तेवढेही नाही. परंतु मनुष्याचे आयुष्य अल्प असले तरी त्याची बुद्धी सहस्रावधी वर्षे ओलांडून जाऊ शकते. त्यासाठी मोठी साधने हाती असावी लागतातच असे नाही. चिकाटीने केलेले गणित आणि सत्याशी राखलेले इमान एवढ्या बळावर एक शाळामास्तर काय करू शकतो, हे दीक्षितांनी आपल्या चरित्राने दाखवून दिले.