तोफांचे नांगर

आमचं गाव जवळा बाजार. काळी, चिकट जमीन. तिथे नांगराचा फाळ हलका निघाला तर काय हाल होतात, ते मी लहानपणापासून बघतोय. म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मला जवळचे वाटतात. कॉन्व्हेंटमध्ये हे नाव फक्त पंपामुळे माहीत होतं.

मुंबईला चित्रकला शिकायला गेले, तर रंगच नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. मग यांत्रिक ड्रॉईंगकडे वळले. (आपले डोळे धड असून ड्रॉईंगला केटी!) बेळगावात सायकली विकल्या, पुढे लोखंडी नांगर केला. पण लोखंडाने जमिनीला विष चढतं, ही शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली!

१९१० मध्ये औंधच्या राजांच्या मदतीने किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात बीडच मिळेना. नांगर ओतायचे कशाचे? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

प्रोजेक्टसाठी मी स्वस्तातलं बेअरिंग उचललं होतं. व्हायव्हाच्या आदल्या दिवशी जाम. त्या रात्री हे सगळं वाचत बसलो. सकाळी चांगलं बेअरिंग आणलं, पैसे मात्र रूममेटचे.