बद्रुद्दीन तय्यबजी : नगरपालिकेच्या हिशोबापासून सुरू झालेली सार्वजनिक जिंदगी

बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी यांचं नाव निघालं की आपल्याकडे ठरलेल्या तीन गोष्टी सांगितल्या जातात. ते काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष होते, अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक होते आणि लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती होते. तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात ज्या ठिकाणी झाली, त्याची आठवण फारसं कुणी काढत नाही. ती जागा म्हणजे मुंबईची नगरपालिका. रस्ते, गटारं, नळाचं पाणी, घरपट्टी आणि या सगळ्याचा हिशोब, हे त्यांचे पहिले विषय होते.

बद्रुद्दीन यांचा जन्म १८४४ चा. वडील मुल्ला तय्यब अली हे सुलेमानी बोहरा जमातीतले व्यापारी, घराणं मूळचं खंभातचं. त्या काळात मुस्लिम घरांमध्ये इंग्रजी शिक्षणाबद्दल मोठी धास्ती होती. पोरं इंग्रजी शिकली की दीनपासून दूर जातील, असं लोकांना वाटायचं. मुल्ला तय्यब अलींनी मात्र आपल्या मुलांना शिक्षणासाठी युरोपात पाठवलं. थोरले भाऊ कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि १८६० मध्ये लंडनला रवाना झाले. डोळ्यांच्या दुखण्यामुळे मध्येच परतावं लागलं, पण ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. सगळे बॅरिस्टर गोरे असलेल्या कोर्टात अशिलांना या तरुणावर भरवसा ठेवायला थोडा वेळ लागला, पण त्यांनी जम बसवला.

ते परतले तेव्हाची मुंबई समजून घेतली पाहिजे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि शहरातल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षी आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस कामाचा होता. रस्ते रुंद केले, सफाई सुधारली, त्यांच्या नावाचं मार्केट उभं राहिलं. आज ज्याला आपण महात्मा फुले मंडई म्हणतो, तेच हे क्रॉफर्ड मार्केट. पण खर्चाला लगाम नव्हता. कमिशनरच्या हाती जवळजवळ सगळी सत्ता, आणि देखरेख करणारे जस्टिस ऑफ द पीस सरकारनेच नेमलेले. त्यांना कारभारात बोलायला वाव थोडा, थांबवायला ताकद त्याहून थोडी. नगरपालिका कर्जात गेली आणि बोजा घरपट्टी भरणाऱ्यांवर आला.

तेव्हा शहरात करदात्यांची चळवळ उभी राहिली. नवरोजी फरदुनजी यांच्यासारखे जुने कार्यकर्ते पुढे होते. तरुण बॅरिस्टर फिरोजशाह मेहता यांनी १८७१ मध्ये वेगळाच मुद्दा मांडला. दोष एका अधिकाऱ्याचा नाही, रचनेचा आहे. कमिशनर कर्तबगार असावा, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेली सभा हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. चळवळीतली मागणी साधी होती. पैसे आमचे, तर ते कुठे गेले हे विचारायचा हक्कही आमचा. आजच्या भाषेत आपण ज्याला पारदर्शकता म्हणतो, तो वाद मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी असा रंगला होता.

यातून १८७२ चा कायदा आला. ६४ सभासदांची कॉर्पोरेशन ठरली. त्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी मत देऊन निवडायचे. १६ जस्टिस मंडळींनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. वर्षाचा अंदाजपत्रक कॉर्पोरेशनच्या मंजुरीशिवाय पुढे जाणार नाही आणि खर्चावर बारा जणांची टाउन कौन्सिल नजर ठेवील, अशी व्यवस्था झाली. निवडणुका १८७३ मध्ये झाल्या. बद्रुद्दीन तय्यबजी त्याच वर्षी कॉर्पोरेशनमध्ये निवडून आले. वय अवघं २८-२९.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा मताचा हक्क सगळ्यांचा नव्हता. वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्यालाच मत होतं. सहा लाखांवर वस्तीच्या शहरात असे लोक मोजकेच. चाळीतला भाडेकरू, बंदरावरचा हमाल, मागावर बसलेला विणकर यांची गणती त्यात नव्हती. म्हणजे हिशोब मागायचा दरवाजा उघडला, पण आत जायची परवानगी पैसेवाल्यांनाच मिळाली. तरीही दरवाजा उघडला हे खरं. पुढे तो रुंद करता आला, कारण कारभार लोकांना जबाबदार असला पाहिजे हे तत्त्व एकदा कायद्यात बसलं होतं.

बद्रुद्दीन यांनी या कामात एक सवय कमावली, ती म्हणजे कागद वाचून बोलायचं. वकील माणूस, त्यामुळे कायद्यात काय आहे आणि आकडा काय सांगतो हे आधी पाहायचं. त्यांच्याच घरात एक सुंदर रिवाज होता. तय्यबजी कुटुंबात ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवल्या जायच्या. घरात काय घडलं, कोण आलं-गेलं, कुणाला काय वाटलं, हे घरातल्या माणसांनी उर्दूत लिहायचं. कोणीही लिहावं, कोणीही वाचावं. घरातल्या बायकाही लिहायच्या. घरातली वही आणि नगरपालिकेची वही या वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण लिहून ठेवायचं आणि सगळ्यांना वाचू द्यायचं, हा संस्कार घरातच होता.

नगरपालिकेत पाऊल टाकल्यानंतर वर्षभरातच, १८७४ मध्ये, बद्रुद्दीन, कमरुद्दीन आणि त्यांच्या साथीदारांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. बोरीबंदर स्टेशनसमोरची देखणी इमारत १८९३ ची. ही दोन कामं त्यांनी एकमेकांच्या विरोधात मानली नाहीत. समाजाची शाळा आपण काढायची आणि शहराच्या तिजोरीवरही नजर ठेवायची. एकात समाजाचा विकास, दुसऱ्यात समाजाचा वाटा.

पुढे ते मुंबई कायदे कौन्सिलवर गेले. मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि तय्यबजी हे त्रिकूट शहरात गाजलं. एक पारशी, एक हिंदू, एक मुस्लिम. १८८५ च्या जानेवारीत तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. तब्येतीमुळे बद्रुद्दीन यांना १८८६ मध्ये कौन्सिल सोडावी लागली. त्यानंतर मेहता आणि तेलंग यांनी झटून मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा घडवला. अनेक दुरुस्त्या होऊन तोच कायदा आजही मुंबईत लागू आहे. आणि त्याच १८८८ साली कॉर्पोरेशनच्या अध्यक्षपदी होते रहिमतुल्ला सयानी, म्हणजे आणखी एक मुस्लिम वकील, जे १८९६ मध्ये काँग्रेसचेही अध्यक्ष झाले.

१८८७ च्या डिसेंबरमध्ये बद्रुद्दीन मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि खरी कसोटी सुरू झाली. सर सय्यद अहमद खान यांचा काँग्रेसला कडवा विरोध होता. संख्येने कमी असलेल्या समाजाचं मतपेटीच्या राजकारणात नुकसानच होईल, अशी त्यांची भीती होती. ही भीती बद्रुद्दीन यांनी हसण्यावारी नेली नाही. दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला, मतभेद राहिले, अदब सुटली नाही. बद्रुद्दीन यांचं म्हणणं असं होतं की आपल्याला धोका वाटत असेल तर आत बसून नियम बदलून घ्यावेत, बाहेर राहून धोका कमी होत नाही. त्यांच्याच आग्रहामुळे १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला. एखाद्या विषयाला हिंदू किंवा मुस्लिम प्रतिनिधींचा एकमताने वा जवळजवळ एकमताने विरोध असेल, तर तो विषय पुढे रेटायचा नाही. अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची ही एक सुरुवातीची तरतूद, आणि ती आत गेल्यामुळेच मिळाली.

१८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. हे पद मिळवणारे पहिले मुस्लिम. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. आधी जामीन नाकारला गेला होता, तो तय्यबजींनी मंजूर केला. टिळकांचं आणि त्यांचं राजकारण एक नव्हतं, पण आरोपीचा हक्क त्याच्या राजकारणावर ठरत नाही. १९०२ मध्ये त्यांनी हंगामी सरन्यायाधीश म्हणूनही काम पाहिलं. १९०३ मध्ये मुंबईला भरलेल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे ते अध्यक्ष होते. मुलींच्या शिक्षणाचा आग्रह त्यांनी आपल्या घरापासून सुरू केला आणि स्वतःच्या लेकींना शाळेत घातलं. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. मय्यत मुंबईला आणून दफन करण्यात आली.

आज त्यांचं हे काम का आठवायचं? कारण जो हक्क तेव्हा ५० रुपये कर भरणाऱ्यालाच होता, तो आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मत अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर असं सांगतं की सरकारी कार्यालयांनी बरीचशी माहिती कुणी न मागताच जाहीर करायची आहे. महापालिकेचा अर्थसंकल्प वेबसाइटवर असतो. मोबाइलवर उघडतो.

पण वाचतो कोण? आपल्या मोहल्ल्यात गटार तुंबलं, पाणी कमी दाबाने आलं, उर्दू शाळेचं छत गळलं की आपण नगरसेवकाच्या घरी जातो, नाहीतर सोशल मीडियावर राग काढतो. या वर्षी आपल्या वॉर्डासाठी किती तरतूद होती आणि त्यातली किती खर्च झाली, हे विचारणारे हाताच्या बोटावर मोजण्याएवढे. मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून जास्त काळ मुंबईत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. १८७१ मध्ये करदाते ज्या अवस्थेविरुद्ध उठले होते, तिच्याशी हे किती जुळतं, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आपल्याशी भेदभाव होतो ही तक्रार समाजात नेहमी ऐकू येते. तक्रारीला वजन येतं ते आकड्याने. शेजारच्या वॉर्डात किती, आमच्याकडे किती, हे कागदावर दाखवता आलं की अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. घरात कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना या सुट्टीत एकच काम द्या. आपल्या वॉर्डाचा अर्थसंकल्प काढायचा, चार पानं वाचायची, आणि जे कळलं नाही ते एका साध्या अर्जावर लिहून विचारायचं. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी सुरुवात याच कामापासून केली होती.