बेकर-वेंकटरमन: त्यातले वेंकटरमन कोण?

नांदेडला किंवा लातूरला एम.एस्सी. ऑरगॅनिक करत असाल, तर ‘बेकर-वेंकटरमन रिअरेंजमेंट’ तुम्ही एकदा तरी घोकली असणार. बाण कुठून कुठे काढायचा ते पाठ, म्हणजे मार्क्स पक्के. पण हे वेंकटरमन कोण, असं कधी कुणाला विचारलंत? राष्ट्रपती झालेले ते हे नव्हेत. हे कृष्णस्वामी वेंकटरमन. जन्म १९०१, मद्रासचा. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले आणि मग मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली गेले. या रॉबिन्सनना पुढे १९४७ साली नोबेल मिळालं.

गुरू असा तगडा. तिकडेच राहिले असते तरी चाललं असतं. पण गडी परत आला आणि लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात शिकवायला लागला. नामांकित असलं तरी ते शेवटी कॉलेजच, मोठी रिसर्च इन्स्टिट्यूट नाही. तेव्हा जगात कुठेच एनएमआर नव्हतं, हेही ध्यानात घ्या. हातात आलेली पावडर नक्की काय आहे, हे मेल्टिंग पॉइंट, मूलद्रव्यांचं विश्लेषण आणि दोन-चार टेस्ट यांवरून ठरवायचं.

त्यांचा पिच्छा चालला होता फ्लेव्होनचा. फुला-पानांतल्या अनेक पिवळ्या रंगद्रव्यांचा सांगाडा तो. रॉबिन्सन यांच्या पद्धतीने तो बनायचा, पण मिश्रण कडक तापवावं लागे आणि भांड्यात आत नेमकं काय घडतं ते स्पष्ट नव्हतं.

लाहोरमध्ये वेंकटरमन आणि त्यांचे सहकारी एच. एस. महल यांना जे सापडलं ते असं. बेंझिन रिंगवर दोन शेजारी आहेत असं समजा. एकाच्या ऑक्सिजनवर ॲसिल ग्रुप बसलाय, दुसरा आहे कीटोन. बेस टाकला की कीटोनच्या मिथाइलमधला एक हायड्रोजन निघतो आणि तो कार्बन शेजाऱ्याकडचा ॲसिल सरळ स्वतःकडे ओढून घेतो. ऑक्सिजनवरचं बिऱ्हाड कार्बनवर! मिळतो डायकीटोन. त्यातून ॲसिडने पाणी काढलं की रिंग बंद, फ्लेव्होन तयार. महल-वेंकटरमन यांनी बेस म्हणून सोडामाइड वापरलं. त्याच सुमारास, १९३३ मध्ये, ऑक्सफर्डच्या विल्सन बेकर यांनी पोटॅशियम कार्बोनेट वापरून तेच दाखवलं. दोघांनी स्वतंत्रपणे गाठलेलं, म्हणून नाव जोडीचं. तुमच्या लॅबमध्ये आज खलात कुटलेलं केओएच पिरिडिनमध्ये टाकतात. (तो वास होस्टेलपर्यंत येतो, ते सोडा.)

आता मला खटकतं ते सांगतो. १९३४ च्या पेपरवर नावं दोन आहेत, महल आणि वेंकटरमन. रिॲक्शनच्या नावात महल नाहीत. गाईडच्या हाताखाली प्रोजेक्ट करणाऱ्या तुम्हाला यातली बोच वेगळी समजवायला नको. १९३५ च्या पेपरवरही महल आहेत, शिवाय राय नावाचे आणखी एक सहकारी. त्यात चाल्कोनपासून सेलेनियम डायऑक्साइडने फ्लेव्होन केलं होतं.

या सगळ्याचा फायदा काय? कुठला ग्रुप कुठे हवा, ते सुरुवातीचे दोन तुकडे निवडतानाच ठरवता येतं. औषधाचे रेणू रचणाऱ्याला हेच हवं असतं. लघवीच्या तक्रारींवर दिलं जाणारं फ्लेव्हॉक्झेट याच सांगाड्याचं. कॅन्सरसाठी माणसांवर तपासलेलं फ्लेव्होपिरिडॉलही त्याच घराण्यातलं, आणि ते तर मुंबईत, हेक्स्टच्या संशोधन केंद्रात घडलं.

वेंकटरमन स्वतः मात्र औषधांपेक्षा रंगांकडे वळले. १९३४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागात आले आणि १९३८ पासून त्याचे प्रमुख झाले. गिरण्यांच्या त्या शहरात रंगांचं रसायनशास्त्र ही चैन नव्हती, धंद्याची गरज होती. १९५२ मध्ये त्यांचा कृत्रिम रंगांवरचा ग्रंथ दोन खंडांत आला. पुढे त्यांच्या संपादनाखाली खंड वाढत गेले आणि जगभरच्या डाय केमिस्टच्या टेबलावर जाऊन बसले. १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक झाले. १९६६ मध्ये ती खुर्ची त्यांचेच विद्यार्थी बा. द. तिळक यांच्याकडे गेली. १९८१ मध्ये वेंकटरमन वारले.

मुंबईचा तो विभाग म्हणजे आजची आयसीटी. २०१८ पासून तिचा एक कॅम्पस मराठवाड्यातच, जालन्याला आहे. नांदेडहून मुंबईच्या गाडीत बसलात, तर परभणी मागे पडल्यावर जालना लागतंच.