अक्षरनिर्माता सिक्वोया

एखादी गोष्ट खरी कशावरून, असें विचारलें असतां आमचे विद्यार्थी ती पुस्तकांत छापली आहे असें चटकन् सांगतात. परंतु जेथें लेखनकलाच नाहीं, तेथें सांगणारा कोण व त्याचा लौकिक कसा, हेंच लोक पाहतात. ह्या दोन्ही कसोट्या ज्याच्या आयुष्यांत समोरासमोर आल्या, त्या सिक्वोयाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

अमेरिकेंतील चेरोकी ह्या मूळच्या रहिवाशांत, हल्लींच्या टेनेसी संस्थानांत, सुमारें १७७० सालीं त्याचा जन्म झाला. पायानें अधू असलेला हा पुरुष रुप्याचें काम करी. इंग्रजी त्यास वाचतां येत नसे. परंतु गोरे लोक कागदावरील खुणांनीं दूरच्या माणसाशीं बोलतात, हें पाहून आपल्या भाषेसहि अशा खुणा असाव्यात असा त्यास ध्यास लागला. प्रथम त्यानें प्रत्येक शब्दास एक खूण योजली. ती रीत निरुपयोगी ठरतांच बोलण्यांतील ध्वनि वेगळे करून त्यानें सुमारें ८५ अक्षरें बनविलीं. शेजारी त्यास वेडा समजत. कित्येकांस तर हें चेटूक वाटे.

१८२१ सालीं पुढाऱ्यांनीं परीक्षा घेतली. त्याची लहान मुलगी आयोका हीच त्याची पहिली शिष्या. तिला दूर ठेवून पुढाऱ्यांनीं सांगितलेले शब्द त्यानें लिहिले व तिनें येऊन ते बिनचूक वाचले. तरीहि संशय फिटेना. तेव्हां दुसऱ्या मुलांस ती लिपि शिकवून पुन्हां परीक्षा झाली, आणि मगच लोकांची खात्री पटली. कागदाची सत्यता प्रथम जिवंत साक्षींनीं सिद्ध झाली! पुढें १८२८ सालीं मिशनरी सॅम्युएल वूस्टर ह्यांच्या साह्यानें त्याच लिपींत ‘चेरोकी फीनिक्स’ हें वृत्तपत्र निघालें.

परंतु १८३५ सालीं मूठभर चेरोकींनीं सर्वांच्या नांवें आपली भूमि सोडून देण्याच्या तहावर सह्या केल्या. पंधरा हजारांवर लोकांच्या नांवांचा विरोधी अर्ज गेला, तरी सरकारनें तो तहच प्रमाण मानला. १८३८ सालीं सैन्यानें लोकांस घराबाहेर काढलें. त्या प्रवासांत हजारों मेले. सिक्वोया पूर्वींच पश्चिमेस गेला होता. तेथें त्यानें दुभंगलेल्या चेरोकींस एकत्र आणण्याची खटपट केली, आणि दूर गेलेल्या बांधवांच्या शोधांत १८४३ सालीं मेक्सिकोंत देह ठेवला.

अक्षर हें थोर साधन खरें. परंतु तें सत्याचा जामीन नव्हे. म्हणून मुलांनो, छापील ओळ वाचतांनाहि ती कोणीं, कोणाच्या संमतीनें लिहिली, हें विचारण्यास चुकूं नका. आणि घरांतील निरक्षर आजीचा शब्द केवळ तो लिहिलेला नाहीं म्हणून हलका लेखूं नका.