गार्सिया द ओर्ता : मुंबई बेटाचा पट्टेदार आणि त्याचें घराणें

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत संतांचीं व धर्मप्रचारकांचीं चरित्रें वाचण्याची आपणांस संवय आहे. आज आम्ही ज्या पुरुषाचें चरित्र सांगणार आहों, तो संत नव्हता आणि धर्मगुरुहि नव्हता. तो एक वैद्य होता. परदेशांतून येऊन ह्या भूमींत स्थायिक झालेला, जमीनजुमला संपादन केलेला व येथेंच देह ठेवलेला. आपला बीड प्रांत ज्या काळीं अहमदनगरच्या निजामशाहींत मोडत असे, त्या काळीं पहिला बुऱ्हाण निजामशहा ह्याच्या पदरीं ह्या वैद्याचा मोठा मान होता. म्हणून तो आपणांस अगदींच परका नव्हे. शिवाय त्याच्या घराण्याची हकीकत दोन प्रकारच्या जुन्या कागदांवरून कळते. एका बाजूस जमिनीचा पट्टा आहे, तर दुसऱ्या बाजूस धर्मन्यायासनाचें दप्तर आहे. दोन्ही शेजारीं ठेवल्यावांचून खरें चरित्र उलगडत नाहीं.

ओर्ताचा जन्म इ. स. १५०१ च्या सुमारास पोर्तुगाल देशांतील कास्तेलो द व्हीद ह्या गांवीं झाला. त्याचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ सालीं स्पेनच्या राजाराणीनें यहुद्यांस देशाबाहेर घालविलें, तेव्हां हें कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालांत आलें. परंतु तेथेंहि १४९७ सालीं राजाज्ञेनें यहुद्यांना बळजबरीनें स्नानसंस्कार देण्यांत आला. अशा कुटुंबांना लोक नवख्रिस्ती म्हणत, आणि ह्या नांवांत तुच्छता व संशय हीं दोन्ही भरलेलीं असत. स्नानसंस्कार श्रद्धेनें व स्वेच्छेनें घ्यावयाचा असतो. तो राजदंडाच्या धाकानें दिला म्हणजे पुढील पिढ्यांना काय भोगावें लागतें, हें ह्या घराण्याच्या कथेवरून दिसून येईल.

सालामांका व आल्काला ह्या स्पेनमधील विद्यापीठांत शिक्षण संपवून ओर्ता १५२३ च्या सुमारास मायदेशीं परतला. कांहीं काळ त्यानें वैद्यकी केली. पुढें लिस्बनच्या विद्यापीठांत अध्यापनहि केलें. मार्च १५३४ मध्यें मार्तीं आफोंसो द सोझा ह्या सरदाराबरोबर त्याचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला व सप्टेंबरांत गोव्यास पोहोंचला. प्रथम कांहीं वर्षें सोझाच्या स्वाऱ्यांबरोबर फिरून मग तो गोव्यांत स्थायिक झाला. गव्हर्नर, व्हाइसरॉय व गोरगरीब ह्या सर्वांना तो औषध देई. ब्रियांदा द सोलिस नांवाच्या आपल्या नात्यांतल्याच मुलीशीं त्याचें लग्न झालें व त्यांस दोन कन्या झाल्या.

गोव्यांतून तो घाट चढून बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं जात असे. तेथील हकीम अरबी ग्रंथांत निष्णात, तर देशी वैद्य मुळ्यापाल्यांचे जाणते. विद्येचा अभिमान बाजूस ठेवून ह्या दोघांपासूनहि तो शिकला. पटकी ह्या भयंकर रोगाचें त्यानें जें वर्णन केलें, तें ह्या देशांतील त्या रोगाच्या युरोपियन वैद्यांनीं केलेल्या आरंभींच्या वर्णनांपैकीं एक होय. पोर्तुगीज लोक ह्या रोगास जें नांव देत, तें आपल्या मोडशी ह्या शब्दावरूनच घेतलेलें होतें.

आतां जमिनीकडे वळूं. डिसेंबर १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहानें वसई व तिच्या आसपासचीं बेटें पोर्तुगीजांस दिलीं, त्यांत मुंबईहि आली. पोर्तुगीज राजा अशा जमिनी सालिना खंड ठरवून आपल्या लोकांना लावून देई. ह्या खंडास फोरो म्हणत. मुंबईच्या जमिनींच्या संबंधांत पुढें रूढ झालेला फोरास हा शब्द त्यावरूनच आला. पुष्कळ पट्टे तीन पिढ्यांपुरते असत, आणि पट्टेदार मेला म्हणजे ती जमीन वारसाकडे जाई. ओर्तास मात्र मुंबईचें बेट कायमच्या पट्ट्यानें मिळालें. सालिना खंड होता सुमारें १,४३० पर्दाव. ज्या नगरींत आज हातभर जागेसाठीं भाऊ भावाविरुद्ध कोर्टांत जातो, तें सबंध बेट त्या काळीं एका वैद्याच्या नांवें होतें! तेव्हां तेथें कोळ्यांची वस्ती, नारळीच्या बागा, भाताचीं खाचरें व खाजण ह्यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. पुढें जेथें इंग्रजांचा किल्ला झाला, तेथें ओर्ताचा वाडा होता, अशी परंपरा आहे. त्याच्या त्या बेटावर आंब्याचें एक झाड वर्षांतून दोनदां फळत असे, एकदां मे महिन्याच्या अखेरीस व एकदां नाताळांत, असें त्यानें स्वतः नमूद करून ठेविलें आहे.

ही नोंद ज्या ग्रंथांत आहे, तोच त्याचा कीर्तिस्तंभ होय. १० एप्रिल १५६३ रोजीं गोव्याच्या छापखान्यांत त्याचा हिंदुस्थानांतील वनस्पती व औषधें ह्यांवरील संवादात्मक ग्रंथ छापून निघाला. विद्वानांची लॅटिन भाषा सोडून त्यानें तो पोर्तुगीज भाषेंत लिहिला. कोरफड, हिंग, कापूर, वेलदोडा, आंबा, फणस अशा पदार्थांची त्यांत चिकित्सा आहे. जें डोळ्यांनीं पाहिलें तें प्राचीन आचार्यांच्या विरुद्ध असलें तरी सांगावें, ही त्याची वृत्ति. कामोंइश ह्या थोर पोर्तुगीज कवीची कविता प्रथम छापली गेली तीहि ह्याच ग्रंथांत. १५६७ सालीं क्लूसियस नांवाच्या पंडितानें ह्या ग्रंथाचा लॅटिन सारांश अँटवर्प येथें प्रसिद्ध केला, आणि आपल्याकडील मुळ्यापाल्यांचें ज्ञान सबंध युरोपांत पोहोंचलें.

येथवर जमिनीच्या पट्ट्याची व पुस्तकाची बाजू झाली. दुसरी बाजू दुःखाची आहे. ओर्ताची आई व बहिणी १५४९ च्या सुमारास गोव्यास त्याच्याकडे आल्या. स्वदेशीं त्यांच्यावर धर्मन्यायासनाची, म्हणजे इन्क्विझिशनची, दृष्टि वळली होती. गोव्यांत त्या वेळीं तें न्यायासन नव्हतें. परंतु १५६० सालीं तेंहि येथें स्थापन झालें. ओर्ता जिवंत असेपर्यंत त्याच्या मोठेपणाचें छत्र घरावर होतें. १५६८ सालीं तो वारला आणि तें छत्र नाहींसें झालें. त्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला पकडण्यांत आलें. गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याचा आरोप ठेवून २५ ऑक्टोबर १५६९ रोजीं तिला गोव्यांत जिवंत जाळण्यांत आलें. कुटुंबांतील माणसांच्या जबानींत मृत भावाचेंहि नांव निघालें. मेलेल्यावर खटला चालला, आणि १५८० सालीं ओर्ताच्या अस्थि थडग्यांतून उकरून काढून जाळण्यांत आल्या.

पुढें कित्येक शतकें लोकांस त्याचा ग्रंथ ठाऊक होता, पण घराण्याचा हा शेवट ठाऊक नव्हता. १८८६ सालीं काउंट फिकाल्यो ह्यानें त्याचें विस्तृत चरित्र लिहिलें. तथापि न्यायासनाच्या दप्तरांतील कागद चाळून हें सारें उजेडांत आणलें तें सिल्व्हा कार्व्हाल्यो ह्या पोर्तुगीज संशोधकानें, १९३४ सालीं. तोंपर्यंत ओर्ताच्या मृत्यूस साडेतीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

आणि तें बेट? १६६१ च्या विवाहाच्या तहानें तें इंग्लंडच्या राजास आंदण मिळालें. १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं तें इंग्रजांच्या ताब्यांत देण्याचा विधि झाला, तो दोना इग्नेस द मिरांदा ह्या विधवेच्या वाड्यांत. तेव्हां बेटाची मालकीण ती होती. १६६८ सालीं इंग्रज राजानें तेंच बेट सालिना १० पौंडांच्या खंडानें कंपनीस देऊन टाकलें. एवढ्या हातांतून गेलेली जमीन शेवटीं कोणाचीच राहिली नाहीं. राहिलें तें ओर्तानें वांटून दिलेलें ज्ञान. पणजींतील उद्यानास त्याचें नांव देण्यांत आलें, आणि १९७१ च्या पोर्तुगीज चलनी नोटेवर त्याचें चित्र छापण्यांत आलें.

कोणी विचारील कीं, ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं हें अमंगल कशाला? आमचें उत्तर असें. ज्युबिली म्हणजे केवळ जयजयकार नव्हे. पवित्र शास्त्रांतील ज्युबिली हें ऋणमुक्तीचें वर्ष आहे, आणि ऋण फेडण्यापूर्वीं तें कबूल करावें लागतें. २००० सालच्या महाज्युबिलींत, १२ मार्च रोजीं, पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं सेंट पीटरच्या मंदिरांत सर्व ख्रिस्तसभेच्या वतीनें देवाजवळ क्षमा मागितली. सत्याच्या नांवानें झालेली बळजबरी व यहुदी लोकांस दिलेलें दुःख ह्यांचा त्यांत उल्लेख होता. कातारिनेच्या अंतःकरणांत काय होतें व तिच्या भावाच्या अंतःकरणांत काय होतें, हें देव जाणे. पण ज्यानें स्वतः वधस्तंभावर प्राण दिला त्या प्रभूला मनुष्याच्या हाडांची राख नको होती, एवढें आपण निःशंक म्हणूं शकतों.

आपणांपैकीं पुष्कळांच्या पूर्वजांपाशीं पट्टे नव्हते, इनामें नव्हतीं व मृत्युपत्र करून ठेवण्याइतकी मिळकतहि नव्हती. त्यांचें नांव प्रथम शाईनें लिहिलें गेलें तें धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या वहींत. तीच आपल्या घराण्यांची सनद होय. ओर्ताच्या आईबापांचा स्नानसंस्कार दुसऱ्यानें लादलेला होता; आपल्या वाडवडिलांनीं तो स्वतः मागून घेतला. ह्या स्वातंत्र्याचें मोल ओळखून, ज्यांनीं तें मागितलें नाहीं अशा आपल्या शेजाऱ्यांशींहि आपण तितक्याच आदरानें वागूं या. परमेश्वर ओर्ताच्या व त्याच्या घराण्यांतील सर्वांच्या आत्म्यांस चिरशांति देवो.